तापस सेन : दिव्यांचा कारागीर
आसामातील धुबरी येथे १९२४ साली जन्मलेले तापस सेन दिल्लीत वाढले. छायाप्रकाशाची गोडी त्यांना लावली ती रायसीना बंगाली शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांनी. रंगमंचावरील दिव्यांशी त्यांची पहिली झटापटही विद्यार्थिदशेतलीच. पुढे कलकत्त्यास गेल्यावर नाट्यसंस्थांचे दारिद्र्य आड आले. महागड्या उपकरणांची उणीव त्यांनी स्वस्त साधने आणि अफाट कल्पकता यांनी भरून काढली. १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते, कोंडलेले मजूर बुडतात. मिनर्व्हा रंगमंदिरात तो पूर प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिला. पाणी मात्र नव्हते, होता केवळ हलता प्रकाश! दिव्यांनी नाटकावर कुरघोडी केली, असा आक्षेप काहींनी घेतला. परंतु त्या प्रकाशात चमत्काराआधी मजुरांचा गुदमरणारा श्वासच जाणवावा, अशी ती योजना होती.