बर्था बेंझ

दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एखादी जुनी मोटार आचके देऊ लागली, की जाणता कारागीर प्रथम इंधनाची नळी आणि कार्ब्युरेटर तपासतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण होते. नळीत कचरा अडकला, की इंधन अपुरे पडते आणि यंत्र अडखळते. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातही नळी अशीच तुंबली होती. ती मोकळी करणाऱ्या बाईंचे नाव बर्था बेंझ.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी झाला. कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याच्या बुद्धीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता. त्यांचा कारखाना अडचणीत आला असता बर्थाबाईंनी विवाहापूर्वीच आपल्या हुंड्याची रक्कम त्यात घातली. १८७२ साली त्यांचा विवाह झाला. १८८६ साली कार्ल यांना आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले. परंतु घोड्यावाचून धावणाऱ्या या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. गिऱ्हाईक मिळेना. पतीचे सारे श्रम वाया जाणार, असे दिसू लागले.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात एके दिवशी पहाटे, पती झोपेत असतानाच, बर्थाबाई यूजेन व रिचर्ड या दोन मुलांसह मोटारीतून मानहाइमहून माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक होते. इंधन संपत आले, ते त्यांनी वीस्लोख येथील औषधाच्या दुकानातून विकत घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या लांब टाचणीने साफ केली. विजेच्या तारेचे आवरण झिजताच तिच्याभोवती मोज्याचा बंद गुंडाळला. चढणीवर गाडी ढकलावी लागली. झिजलेल्या ब्रेकला वाटेतील चर्मकाराकडून चामडे बसवून घेतले. फोर्त्सहाइमला सुखरूप पोहोचताच त्यांनी पतीस तार केली.

या प्रवासाने मोटारीची उपयुक्तता सिद्ध झाली. चढणीसाठी आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्ल यांनी अमलात आणली. ५ मे १९४४ रोजी बर्थाबाईंचे निधन झाले.

संकटसमयी न गडबडता दोष नेमका कोठे आहे हे शोधावे आणि हाती असेल त्या साधनाने तो दूर करावा, हाच बर्थाबाईंच्या जीवनाचा बोध होय.