आबे नोले : विद्युतभारित तुषारांचे अभ्यासक

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांना फवारणीची अडचण सांगायला नको. मोहोरावर मारलेले औषध काही वाऱ्यावर जाते, काही थेंब एकत्र होऊन ओघळून जातात. तुषारांना विद्युतभार दिल्यास मात्र ते परस्परांना दूर लोटतात व समोरच्या पृष्ठभागाकडे ओढले जातात. या आविष्काराचे सुरुवातीचे बारकाईचे निरीक्षण ज्यांच्या नावे आहे, ते फ्रान्समधील एक डीकन होते.

जाँ-आंत्वान नोले यांचा जन्म 1700 साली पिंप्रे या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. पॅरिस येथे ईशज्ञानाचा अभ्यास करून 1728 मध्ये त्यांनी डीकनपदाची दीक्षा घेतली. पुढे धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही. ‘आबे’ ही उपाधी मात्र कायम राहिली. 1739 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. 1746 मध्ये राजा पंधरावा लुई याच्यासमोर 180 रक्षकांना हात धरून उभे करून त्यांनी विजेचा झटका दिला. लोकांना हाच प्रयोग अधिक आठवतो, हे थोडे दुर्दैवच.

त्यांचे अधिक मोलाचे काम शांतपणे झाले. भांड्याला जोडलेल्या केशनळीतून पाणी थेंबाथेंबाने गळत असे. भांडे विद्युतभारित करताच त्याची धार होई आणि ती फुटून बारीक तुषार उडत.

त्याच सुमारास, औषध भरलेल्या काचेच्या नळ्या विद्युतभारित केल्याने रुग्ण बरे होतात, असे वृत्त इटलीहून आले. दुखण्याने गांजलेल्यांना ती मोठीच आशा होती. नोले 1749 मध्ये स्वतः तेथे गेले, प्रयोग पाहिले आणि दावे टिकत नसल्याचे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. विजेविषयीच्या त्यांच्या स्वतःच्या उपपत्तीला फ्रँकलिन यांच्या मताने मागे टाकले. तो वाद त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. 1770 मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

आज हीच रीत पॉलिमरचे पातळ थर बसविण्यासाठी वापरतात. पॉलिमर द्रावकात विरघळवून बारीक सुईतून सोडतात व सुईला काही हजार व्होल्टचा दाब देतात. टोकाशी द्रव शंकूसारखा ताणला जातो, त्यातून सूक्ष्म थेंब सुटतात. वाटेत द्रावक उडून जातो आणि जमिनीशी जोडलेल्या पाटीवर पॉलिमरचा थर बसतो. द्रावणाची दाटी, वेग आणि सुईपासूनचे अंतर सांभाळले, तर त्याची जाडी केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी ठेवता येते.