वीस महिन्यांचा मुक्काम

पंचेचाळीस हे वय मोठे फसवे. माणूस स्थिरावलेला असतो, नाव झालेले असते, हात सरावलेला असतो. आणि नेमकी तेव्हाच, आपण तेच ते करीत आहोत की काय, ही शंका मन कुरतडू लागते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर मार्च १८८१ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीत बसला, तेव्हा त्याने नुकतीच पंचेचाळिशी गाठली होती.

होमर मूळचा बॉस्टनचा. जन्म २४ फेब्रुवारी १८३६. आई हौसेने जलरंगांत चित्रे काढी. पहिले संस्कार तिचेच. एकोणिसाव्या वर्षी तो एका शिळाछापखान्यात उमेदवारीला लागला आणि मुदत संपताच, यापुढे कुणाची चाकरी करायची नाही, असे ठरवून बाहेर पडला. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी त्याने चित्रे काढली, यादवी युद्धाच्या काळात छावण्यांत जाऊन सैनिकांचे जगणे रेखाटले. पुढे शाळेच्या सुटीत हुंदडणारी त्याची मुले घराघरांत आवडली. समुद्रही त्याच्या चित्रांत होता. पण तो हवापालटाला गेलेल्यांचा समुद्र होता. किनाऱ्यावर फिरणाऱ्या नटव्या स्त्रिया आणि शिडाच्या होडीत डुलणारी पोरे.

इंग्लंडात त्याने मुक्काम केला तो लंडनच्या कलादालनांजवळ नव्हे, तर ईशान्य किनाऱ्यावर, न्यूकॅसलपासून बारा-तेरा किलोमीटरवरच्या कलरकोट्स या मच्छीमार गावात. छोटी खाडी, वर कडा, कड्यावर मच्छीमारांची घरे आणि समोर उत्तर समुद्र. तिथे चित्रकार पूर्वीपासून येत. होमरही आला, फरक एवढाच, की तो लवकर परत गेला नाही. नोव्हेंबर १८८२ पर्यंत, सुमारे वीस महिने तो तिथेच राहिला.

बँकेतल्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने अनेक गावे पाहिली. पहिल्या महिन्यात गाव दिसते ते बाजारपेठेपुरते. कोणाच्या घरी काय शिजते आणि कोण कशाची वाट पाहते, हे कळायला दोन पावसाळे जावे लागतात. होमरने कलरकोट्सचा हिवाळा पाहिला, आणि मग त्याची चित्रे बदलली.

त्याला तिथे मुख्यतः स्त्रिया दिसल्या. पुरुष होड्या घेऊन समुद्रात जात; बाकीचे सगळे काम बायकांचे. आमिषासाठी वाळू उकरायची, लांबलचक दोऱ्यांच्या शेकडो गळांना ते लावायचे, जाळी दुरुस्त करायची, मासळी पाठीवरच्या टोपलीत भरून विकायला न्यायची. कडेवर मूल असले तरी हात रिकामा नाही. याआधीच्या त्याच्या नाजूक नायिका मागे पडल्या आणि वाऱ्याला छाती देऊन उभ्या असलेल्या दणकट बायका कागदावर आल्या. जलरंगांची त्याची रीतही बदलली. झटपट रेखाटनांऐवजी मोठे कागद, विचारपूर्वक मांडणी, राखाडी ओले आभाळ.

याखेरीज त्या बायकांचे एक काम होते, ज्याची मजुरी कोणी देत नाही. वाट पाहणे. वादळ उठले की गाव कड्यावर जमे. तिथे १८७९ मध्ये बांधलेले टेहळणीघर होते. ऑक्टोबर १८८१ मध्ये 'आयर्न क्राउन' हे जहाज टाइन नदीच्या मुखाशी वादळात आदळले, जीवरक्षक नौका खवळलेल्या पाण्यात शिरली, आणि हे सारे होमरने काठावरून पाहिले व चितारले. समुद्राकडे पाहणाऱ्या त्याच्या स्त्रिया रडत नाहीत, आकांत करीत नाहीत. त्या नुसत्या उभ्या असतात.

अमेरिकेत परतल्यावर १८८३ मध्ये ही चित्रे बॉस्टनला मांडली गेली. पण खरा बदल त्याच्या पत्त्यात झाला. त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्क सोडले आणि मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर बिऱ्हाड हलवले. घोडागाडीच्या पागेची त्याने चित्रशाळा करून घेतली, समुद्राकडे सज्जा काढला. आगंतुकांना पिटाळायला साप-उंदरांची भीती घालणारी पाटीही लावली! भाऊ-वडील जवळ होते, पण लग्न त्याने केले नाही. चरित्र लिहू पाहणाऱ्याला त्याने म्हातारपणी चक्क नकार दिला.

तिथून पुढे, १८८४ मध्ये 'द लाइफ लाइन' आले. फुटलेल्या जहाजावरून दोरावरच्या पाळण्यातून एका बेशुद्ध स्त्रीला किनाऱ्याकडे आणणारा माणूस; त्याचा चेहरा लाल रुमालाने झाकलेला. पुढच्याच वर्षी 'द फॉग वॉर्निंग' आले. चिमुकल्या होडीतला एकटा मच्छीमार, पायाशी भरघोस मासळी, दूरवर त्याचे जहाज आणि त्यांच्यामध्ये सरकणारे धुके. तो पोहोचेल का? चित्र उत्तर देत नाही. कलरकोट्सच्या कड्यावरही ते कोणी आधी देत नसे.

उतारवयातल्या अनेक चित्रांतून माणसेच नाहीशी झाली. उरला खडक आणि लाट. २९ सप्टेंबर १९१० रोजी त्याच चित्रशाळेत होमर वारला. पोर्टलंडच्या कलासंग्रहालयाने ती वास्तू विकत घेतली आणि डागडुजी करून २०१२ मध्ये लोकांसाठी उघडली. तिच्या सज्जात उभे राहिले की समोर समुद्राखेरीज काही नसते. कलरकोट्सच्या बायका जशा उभ्या राहात, तसा होमर तिथे पंचवीसहून अधिक वर्षे समुद्राकडे पाहत राहिला.