उकळत्या पाण्याचे कोडे

शाळेच्या प्रयोगशाळेतील बुन्सेन बर्नरमुळे रॉबर्ट बुन्सेन हे नाव परिचयाचे आहे. मात्र जमिनीखालचे गरम पाणी स्फोटासारखे का उसळते, याचा उलगडाही याच जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१८११ मध्ये गॉटिंगेन येथे जन्मलेल्या बुन्सेन यांनी तरुणपणी आर्सेनिकच्या संयुगांवर काम केले. ते जिवावर बेतणारेच होते. एका प्रयोगात स्फोट होऊन त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि विषबाधेतून ते कसेबसे वाचले. आर्सेनिकच्या विषावर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा उतारा चालतो, हेही त्यांनीच एका सहकाऱ्यासह १८३४ मध्ये दाखवले होते.

१८४५ मध्ये आइसलँडमधील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला. पुढच्याच वर्षी बुन्सेन तिथे पोहोचले. एक डोळा स्फोटात गमावूनही ते ‘ग्रेट गायझर’ या उष्ण कारंज्याच्या तोंडाशी गेले आणि त्याच्या नळीसारख्या विवरात तापमापक सोडले. तळाचे पाणी १२० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापलेले होते, तरी उकळत नव्हते. वरच्या पाण्याच्या दाबाने ते कुकरमधल्या पाण्यासारखे कोंडलेले होते. ते थोडे वर सरकले की दाब घटतो आणि त्याची झपाट्याने वाफ होते. ही वाफ वरचे पाणी बाहेर फेकते, त्यामुळे खालचा दाब आणखी उतरतो आणि कारंजे उसळते.

प्राचीन उष्णजल स्फोटांमागेही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की तिथे पाणी खडकाच्या भेगांत कोंडलेले असते. दाब एकाएकी उतरला की पाण्याबरोबर खडकही उडतो. अमेरिकेतील यलोस्टोन सरोवराच्या उत्तरेकडील ‘मेरी बे’ हे दोन किलोमीटरहून रुंद विवर सुमारे १३ ते १४ हजार वर्षांपूर्वी असेच तयार झाले. अशा स्फोटात लाव्हा बाहेर येत नाही. मागे उरतो तो गरम पाण्याने रूप पालटलेल्या, कोनदार दगडांचा थर. त्यातील अनेक तुकडे सिलिकाने सांधलेले असतात. या थरांवरूनच भूवैज्ञानिक जुने स्फोट ओळखतात. धोका अजून टळलेला नाही. २३ जुलै २०२४ रोजी यलोस्टोनच्या बिस्किट बेसिनमध्ये लहानसा स्फोट झाला, तेव्हा पर्यटकांना पळ काढावा लागला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही.

झऱ्यांच्या पाण्याने बुन्सेन यांना पुढेही साथ दिली. १८६० मध्ये किरखॉफ यांच्यासह त्यांनी ड्युर्कहाइमच्या खनिजयुक्त पाण्यात सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधले. १८९९ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.