मांजरीचा नकाशा कोणी काढायचा? पॅट्रिक गेडिस यांचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे

२०२१ मध्ये मांजरी बुद्रुकसह २३ गावं पुणे महापालिकेत आली. एकीकडे मुळा-मुठेकाठची शेती, दुसरीकडे हडपसरच्या बाजूने सरकत आलेल्या सोसायट्या. गाव शहरात आलं की डीपीची, म्हणजे विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. रस्ता कुणाच्या रानातून जाणार? आरक्षण कुणाच्या गुंठ्यांवर पडणार? शेती झोन कुठे संपणार? आणि हे ठरवणार कोण?

हाच प्रश्न घेऊन शंभर वर्षांपूर्वी एक स्कॉटिश माणूस भारतभर फिरला. त्याचं नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८८६ मध्ये लग्न झालं आणि पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबराच्या पडझड झालेल्या जुन्या वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन घरं आणि अंगणं दुरुस्त केली. वस्ती पाडायची नाही, बिघडलंय तेवढंच काढायचं, ही त्यांची पद्धत तिथे घडली.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवलं. त्यांनी नव्याने साहित्य जमवलं आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवलं.

मग एकेक शहर. आधी गल्लीबोळ पायी फिरायचे. विहीर, तळं, देऊळ, झाड, लोकांची बसायची जागा बघायची. नकाशा नंतर. सरकारी इंजिनिअर दाट वस्तीतून सरळ रस्ता आखायचे. गेडिस दाखवून द्यायचे, की मोजकी पडकी घरं काढली तरी हवा आणि वाट मिळते. खर्च कमी होतो आणि लोकही बेघर होत नाहीत.

१९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला. काही आठवड्यांतच ॲना कलकत्त्यात वारल्या. तरीही काम थांबलं नाही.

होळकरांच्या इंदूरमध्ये तेव्हा प्लेगची धास्ती होती. गेडिस यांनी एका दिवसासाठी महाराजांचा मान मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक काढायचं ठरवलं. अट एकच, जो भाग सर्वांत स्वच्छ, त्याच भागातून मिरवणूक जाणार. लोकांनी घरं आणि रस्ते झाडून काढले. सफाई कामगारांना मिरवणुकीत मान मिळाला. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरचा सविस्तर अहवाल दिला.

१९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या बऱ्याच योजना कागदावरच राहिल्या. शेवटचा शब्द दरबाराचा किंवा सरकारचा असायचा. आज कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना देता येतात, पण तोवर रेषा आखून झालेल्या असतात. गेडिस यांचा क्रम उलटा होता. मांजरीसारख्या गावाने ओढे, विहिरी, वहिवाटीच्या वाटा आणि बाजाराची जागा आधीच स्वतःच्या नकाशावर मांडली, तर रेषा आखणाऱ्याला ती बघूनच पुढे जावं लागेल.