न कळलेल्या पुस्तकाची गोष्ट

एखादं पुस्तक चार पानं चाळून तुम्ही कधी बाजूला ठेवलंय? ठेवलंच असेल. पंडिता रमाबाईंनीही ठेवलं होतं. ते पुस्तक होतं बायबल, आणि पुढे त्याच पुस्तकाच्या मराठी भाषांतराला त्यांनी आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं दिली!

रमाबाईंचा जन्म 1858चा. मुलींना अक्षरओळखही नको, असं मानणारा तो काळ. पण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग आईने लेकीला. तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत हे कुटुंब जगायचं. हजारो श्लोक रमाबाईंना तोंडपाठ होते. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या.

तिथेच कुणीतरी त्यांच्या हातात संस्कृत बायबल ठेवलं. एवढ्या मोठ्या पंडितेला ते कळलंच नाही! शब्द संस्कृत, पण धाटणी परकी. वेळ फुकट जाईल, असं वाटून त्यांनी ते सोडून दिलं.

1880 मध्ये बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी त्यांनी लग्न केलं. जातीबाहेरचं लग्न! घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक छोटीशी बंगाली पुस्तिका सापडली. ही मात्र त्यांना आवडली. पण 1882च्या सुरुवातीला पती गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

त्या पुण्याला आल्या आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी चालणारं एक आश्रयगृह त्यांनी पाहिलं. या बायकांना माणुसकीने वागवायचं कुठून सुचलं, असं विचारल्यावर तिथल्या सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांच्या मनाला भिडली. कारण शास्त्रांत बाईला मोक्षाची वाट कुठे आहे, हा प्रश्न त्यांना केव्हापासून छळत होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, बाई मुकाट ‘होयबा’ झाल्या. छे! चर्चच्या मंडळींशी त्यांचे वाद झडले. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्याला संस्कृत जवळचं, इथपर्यंत! बायबल स्वतः वाचायचं आणि पटेल तेच मानायचं, हा त्यांचा हट्ट होता. इकडे धर्मांतरामुळे महाराष्ट्रातले लोक दुरावले. टीका दोन्हीकडून झाली, पण वाचन थांबलं नाही आणि कामही थांबलं नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. 1896-97च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार मुलींना गोळा करून केडगावला आणलं. स्वतः दुष्काळ भोगलेल्या बाईला त्या मुलींची भूक सांगावी लागली नाही.

आणि मग ते भाषांतर. कानांना नीट ऐकू येत नव्हतं, वय वाढत होतं, तरी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एवढी संस्कृत पंडिता, पण मराठी निवडली ती अगदी साधी, शेतात राबणाऱ्या बाईलाही कळेल अशी. कलकत्त्यात आपल्यालाच न कळलेलं ते पुस्तक आठवा, म्हणजे या निवडीचं महत्त्व लक्षात येईल. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायच्या त्याही बायकाच.

1921 मध्ये मनोरमा गेली. वर्षभरातच, 5 एप्रिल 1922 रोजी, भाषांतर हातावेगळं करून रमाबाईही गेल्या.

रमाबाईंची श्रद्धा तुम्हाला पटो वा न पटो, त्यांची वाचायची रीत मात्र उचलण्यासारखी आहे. आपला खरा प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जायचं. मोठ्यांनी सांगितलेला अर्थ ऐकायचा, पण स्वतः तपासायचा. आणि कळलेलं रोजच्या कामात उतरवायचं. नाहीतर पाठांतर काय, त्यांना लहानपणापासूनच येत होतं!