डोळा अधू झाला, अभिनय उजळला

मुंबई, प्रतिनिधी

खाष्ट सासू म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर ललिता पवार यांचाच चेहरा उभा राहतो. बारीक झालेला तो डावा डोळा हा अभिनयाचाच भाग असावा, असा कित्येक प्रेक्षकांचा समज होता. प्रत्यक्षात ती एका अपघाताची खूण होती.

१८ एप्रिल १९१६ रोजी येवला येथे जन्मलेल्या अंबा सगुण यांनी १९२८ मध्ये मूकपटात बालकलाकार म्हणून पदार्पण केले. पुढे त्या नायिका झाल्या. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा सहभाग होता.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारण्याचा प्रसंग रंगवायचा होता. तो तडाखा प्रमाणाबाहेर जोराचा बसला. डाव्या डोळ्यातील रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याला पक्षाघात झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. चेहरा सावरला, पण डोळ्यातील व्यंग कायम राहिले. रूपावर उभे असलेले नायिकापद ऐन पंचविशीत संपले.

आघाताने कवटीच्या आत काही इजा झाली आहे का, हे पाहण्याचे सोपे साधन त्याकाळी नव्हते. रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये झाला तो १९७१ साली. आज मात्र डोक्याला मार लागल्यानंतर दृष्टी अंधुक होणे, एकाची दोन दिसणे, पापणी खाली येणे, उलट्या, गुंगी किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही जाणवल्यास मेंदूभोवती रक्तस्रावाची शंका घेऊन तातडीने तपासणी केली जाते. वृद्धांमध्ये तर हे रक्त हळूहळू साचून लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात. त्यामुळे लोकलच्या गर्दीत वा न्हाणीघरात पडल्यावर ‘काही झाले नाही’ म्हणून गप्प बसणे धोक्याचे ठरते.

ललिताबाईंनी व्यंग लपविले नाही. त्यालाच चरित्रभूमिकांचे बळ केले. ‘श्री ४२०’मधील केळेवाली, ‘अनाडी’तील वरून कठोर पण आतून मायाळू मिसेस डिसा आणि ‘प्रोफेसर’मधील करारी आत्या रसिकांच्या स्मरणात राहिल्या. ‘अनाडी’साठी त्यांना फिल्मफेअर, तर १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेतील मंथरेने त्यांना नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचविले.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या डोळ्याने नायिकापद हिरावले, त्याच डोळ्याच्या धाकाने त्यांनी पुढे पन्नास वर्षे पडदा गाजविला.